सोफ्यावरचा अंगद

सिरसाळ्यात कुणाचं नवं घर रंगापर्यंत आलं, की घरमालक एकदा तरी अर्जुनरावांच्या बंगल्यावर यायचा आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणायचा, "तुमच्या सूनबाईला जरा पाठवा की. कुठं काय शोभंल ते बघून सांगतील." अर्जुनरावांना त्याचा कोण अभिमान! चांगली बागायत शेती, एकेकाळी जिल्हा परिषदेचं सदस्यत्व, आसपासच्या कुठल्याही लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची. पण घरात काय ठेवावं आणि काय ठेवू नये, एवढ्या एका बाबतीत ते सुनेचा शब्द खाली पडू देत नसत.

सून म्हणजे रोहिणी. परळीची. तिच्या वडलांचं पडद्याच्या आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान होतं. परळीत वीजकेंद्राची राख कुठंही जाऊन बसते, त्यामुळे पांढरा पडदा चित्रात चांगला, खिडकीत नव्हे, हे तिला शाळेत असतानाच कळलं होतं. पुढं संभाजीनगरला राहून तिनं घरसजावटीचा कोर्स केला. कोर्स संपतो न संपतो तोच लग्न ठरलं आणि ती अर्जुनरावांच्या थोरल्या मुलाची, अंगदची बायको होऊन सिरसाळ्याला आली.

आली तेव्हा बंगल्याचं काम चालू होतं. अर्जुनरावांनी हौसेनं फायबरचे दोन सोनेरी सिंह आणले होते, फाटकाच्या दोन्ही खांबांवर बसवायला. जबडे उघडे, जिभा लाल. गवंडी, शेजारीपाजारी, घरचे सगळे गोळा झालेले. अर्जुनरावांनी नव्या सुनेला बाहेर बोलावलं.

"तू शिकून आलीस ना त्यातलं? सांग बरं, कसं दिसतंय?"

डोक्यावरचा पदर सावरत रोहिणीनं वर बघितलं. खोटं बोलावं तर पुढं जन्मभर ते सिंह दारात बघावे लागणार.

"मामा," ती हळू म्हणाली, "तुमच्या दारात दिवसभर लोक कामं घेऊन येतात. हे सिंह तर त्यांच्या अंगावर धावून आल्यासारखे दिसतात."

अर्जुनरावांनी एकदा सिंहांकडं बघितलं, एकदा सुनेकडं, आणि खो खो हसत म्हणाले, "घ्या रे खाली! माझ्याच दारात मलाच भ्या वाटायलंय आता."

त्या दिवसापासून घरातली एकेक वस्तू रोहिणीच्या नजरेखालून जाऊ लागली. हॉलमधला करड्या रंगाचा लांब सोफा तिनंच निवडला. छताला रंगीत दिवे लावू दिले नाहीत. भिंतीवर एकच एक मोठं चित्र, बाकी भिंत मोकळी. येणारे आधी म्हणायचे, "रिकामं रिकामं वाटतंय," आणि मग तिथंच दोन-दोन तास बसून राहायचे.

अंगदचं मात्र निराळं होतं. त्याला भडक ते सगळं आवडायचं. मोटारसायकलवरून दोघं माजलगावला निघाले, की वाटेतली घरं बघत जायचे. कुणी गच्चीवर ट्रॅक्टरच्या आकाराची पाण्याची टाकी बांधलेली, कुणी पंख पसरलेला गरुड, कुणी अंगणात सिमेंटची नारळाची झाडं लावून त्यांना हिरवा ऑइलपेंट दिलेला. अंगद गाडी हळू करायचा आणि ओरडायचा, "झ्याक!" रोहिणी मागून म्हणायची, "भडक."

"अगं, ज्यानं बांधलं त्येला बगून बरं वाटतं ना? मंग झ्याकच की."

"त्याला बरं वाटतं म्हणून वस्तू चांगली होते का?"

"मंग आनखी कशानं हुती?"

ती हार मात्र मानायची नाही. मुलगी झाली, संस्कृती, तेव्हा तिला पुढं पेट्रोलच्या टाकीवर बसवून तिघं जात. ती तर सगळ्यालाच टाळ्या वाजवायची, त्यामुळे अंगदची बाजू कायम वरचढ.

एका गळीत हंगामात तेलगावकडून येताना अंगदची गाडी अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीच्या मागं ना लाल दिवा होता, ना चमकणारी पट्टी. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्यानंतरचं वर्ष त्या घरानं कसं काढलं ते त्या घरालाच ठाऊक. विमलबाई, म्हणजे रोहिणीच्या सासूबाई, स्वतःला कामाला जुंपून घ्यायच्या. डाळी निवडायच्या, निवडलेल्या पुन्हा निवडायच्या. अर्जुनरावांनी मात्र अंथरूण धरल्यासारखं केलं. दुखणं काही नव्हतं. ताट समोर आलं की भाकरीचा एक तुकडा मोडायचा, तो तसाच ठेवायचा आणि उठायचं. हॉलमध्ये बसणं त्यांनी सोडलं. लोक येऊन बसत, वाट बघत, निघून जात. धाकटा मुलगा शिवशंकर पुण्याला नोकरीला, तो फोनवर वडलांबद्दल विचारायचा, "दादा जेवले का?" आणि विमलबाई दरवेळी म्हणायच्या, "जेवले."

वर्षश्राद्ध जवळ आलं तसे अर्जुनराव एक दिवस अचानक रोहिणीच्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं.

"अंगदचे फोटो असतील ना तुझ्या मोबाइलात? चांगले, जवळून काढलेले. तेवढे पाठव मला. आन त्याचा एक पांढरा सदरा दे. आन घड्याळ."

"काय करायचंय मामा?"

"हाय एक काम."

तिला वाटलं, मोठा फोटो करून घेत असतील. सदरा कशाला, हे तिनं विचारलं नाही; म्हातारा माणूस, उशाशी घेऊन झोपत असेल. तिनं फोटो निवडले. सगळ्यांत चांगले अंगदनं स्वतःच मोबाइल हातभर लांब धरून काढलेले होते. त्यांत तो तिच्याकडंच बघतोय असं वाटायचं. पाठवता पाठवता ती फ्रेमचाही विचार करू लागली. सोनेरी नको. सागवानाची, बारीक.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी दारात टेम्पो लागला. आतून माणसाच्या उंचीचं लाकडी खोकं उतरलं. दूरच्या कुठल्याशा कारखान्याचे चार कारागीर होते बरोबर. ते मोडक्या हिंदीत बोलत होते आणि खोकं फार जपून धरत होते. अर्जुनरावांनी सगळ्यांना बाहेर थांबवलं. हॉलचं दार आतून लागलं. बऱ्याच वेळानं ते उघडलं आणि अर्जुनरावांचा आवाज आला, "या आता."

करड्या सोफ्यावर अंगद बसला होता.

पांढरा सदरा, मनगटावर त्याचंच घड्याळ, एका पायावर दुसरा पाय, एक हात सोफ्याच्या दांडीवर. ओठांवर आत्ता काहीतरी बोलेल असं हसू. हातांवर बारीक केस, बोटांच्या पेरांवर सुरकुत्या. सिलिकॉनचा होता, हे कळायला जवळ जावं लागत होतं.

विमलबाई दारातच खाली बसल्या. पाहुण्यांमधल्या बाया हंबरडा फोडून रडू लागल्या. कुणीतरी म्हणालं, "जितंच वाटायलंय हो, जितंच!" अर्जुनराव सोफ्यावर त्याच्या शेजारी बसले, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि ओल्या डोळ्यांनी इकडंतिकडं बघत सुनेला शोधू लागले.

"रोहिणी. तू सांग. कसं दिसतंय?"

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. रोहिणीची नजर, तिची ती शिकलेली नजर, थांबत नव्हती. तिनं एका दमात बघितलं: अंगदच्या डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर आला होता. भांगही उलट्या बाजूला होता. कारागिरांनी तिनंच पाठवलेल्या फोटोंवरून चेहरा केला होता, आणि मोबाइलनं ते फोटो आरशासारखे उलटे टिपले होते. समोर बसलेला माणूस अंगद नव्हता. अंगद आरशात दिसायचा, तसला कुणीतरी होता.

आणि याहून वाईट म्हणजे, ती वस्तू तिला वाईट दिसत होती. नवरा गेलेल्या बाईनं असा विचार करावा का, हेही तिला कळेना. कुणा परक्या घरात असं काही पाहिलं असतं तर बाहेर पडताच तिनं अंगदच्या पाठीत बोट खुपसून "भडक" म्हटलं असतं.

"डोळे," ती कशीबशी म्हणाली, "डोळे चांगले झालेत."

अर्जुनरावांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली, जणू कुणी त्यांना बक्षीस दिलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी सोफ्यासमोर ताट मागवलं आणि वर्षभरात पहिल्यांदा दोन भाकरी खाल्ल्या. विमलबाई स्वयंपाकघरात तव्यासमोर उभ्या राहून रडल्या. रोहिणीला कळून चुकलं, की आता याच्याविरुद्ध तोंड उघडणं म्हणजे त्या माणसाच्या तोंडातला घास काढणं.

मग लोकांची रीघ लागली. धारूर, वडवणी, माजलगाव, कुठून कुठून माणसं येत. कुणी पाया पडे, कुणी शेजारी बसून फोटो काढी. कुणा पोरानं मोबाइलवर टाकलेला व्हिडिओ जिकडंतिकडं फिरला, खाली कुणी लिहिलं होतं, "बाप असावा तर असा," कुणी लिहिलं होतं, "घर आहे का म्युझियम?" रोहिणीनं दोन्ही वाचलं आणि दोन्हींचा राग आला. अर्जुनराव दर संध्याकाळी मूर्तीशेजारी बसून पेपर मोठ्यानं वाचत. साखर कारखान्यानं उसाची पहिली उचल किती दिली, कुठल्या धरणात किती पाणी आलं, सगळं सांगत. रोहिणी हॉलातून जाणं टाळू लागली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं बाहेर पडायची, तिथूनच आत यायची. स्वतः मांडलेल्या घरात ती चोरासारखी वावरू लागली.

एक दिवस माजलगावच्या मोंढ्यातले आडते वीरभद्रअप्पा आले. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, अंगानं थकलेले. त्यांची बायको मल्लम्मा पावसाळ्यात गेली होती. ते मूर्तीसमोर बराच वेळ हात जोडून उभे राहिले, मग रोहिणीकडं वळले.

"ताई, आमच्या घराचे रंग तुमीच सांगितलते. आता एक इचारतो. मंडळींचा असाच पुतळा करून घ्यावा मनतो. आमच्या बैठकीत शोभंल का?"

अर्जुनराव शेजारीच बसलेले. ते तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि सोफ्यावरचा तोही.

रोहिणीला म्हणावंसं वाटलं, अप्पा, नका करू. पहिले आठ दिवस बरं वाटेल. मग तुम्ही पाणी प्यायला उठाल आणि दचकाल. मग दचकणं थांबेल, आणि ते जास्त वाईट.

"शोभेल, अप्पा," ती म्हणाली.

त्यांना पोचवायला ती फाटकापर्यंत गेली. तिथं कुणी ऐकत नव्हतं. "अप्पा, एवढंच करा. फोटो देताना त्यांनी स्वतः काढलेला देऊ नका. सेल्फी नको. दुसऱ्यानं काढलेला द्या."

"कावून?"

"उलटा माणूस तयार होतो."

अप्पांना ते काही कळलं नाही. ते खिन्न हसले. "मंडळींनी कशाची सेल्फी काढावी, ताई? उभ्या जन्मात एक आधारकार्डाचा फोटो हाय त्यांचा. तोबी डोळे मिटलेला." आणि ते गाडीत बसून निघून गेले. रोहिणी फाटकाला धरून उभी राहिली. एवढं सोपं काम होतं तिचं, बघायचं आणि खरं ते सांगायचं. तेवढंही आता तिच्याच्यानं होईना.

उन्हाळा लागला. वावटळी उठू लागल्या, रस्त्यावरची माती हॉलात येऊन बसू लागली. सोफ्यावर बसायची तशी मूर्तीवरही. घरकामाला येणाऱ्या वच्छलाबाईंनी सोफा झटकला, टेबल पुसलं, पण मूर्तीला हात लावायला साफ नकार दिला. "वहिनी, मला भ्या वाटतं. तुमचं मानूस हाय, तुमीच पुसा."

दुपारी अर्जुनराव झोपले असताना रोहिणी ओलं फडकं आणि वाटीभर पाणी घेऊन हॉलमध्ये गेली. मूर्ती आली त्या दिवसापासून तिनं तिला स्पर्श केला नव्हता. आधी घड्याळ पुसलं. मग हात. हात मऊ होता, गार नव्हता. उन्हाळ्यानं खोलीइतकाच तापलेला होता, आणि तेच तिला सोसेना. कपाळ पुसलं. नाकाच्या कडेची धूळ बोटाला फडकं गुंडाळून काढली, संस्कृतीचं नाक पुसावं तशी. मग काय मनात आलं कोण जाणे, ती कंगवा घेऊन आली आणि त्याचा भांग दुसऱ्या बाजूला पाडू लागली. केस मुळातच एका दिशेला रोवलेले. कंगवा फिरेपर्यंत वळत, कंगवा उचलला की परत जागच्या जागी. तिनं पाणी लावून बघितलं. दाबून धरून बघितलं. केस परत फिरले.

"न्हाई बसायचे ते," मागून आवाज आला.

विमलबाई दारात उभ्या होत्या. रोहिणीच्या हातातून कंगवा पडला.

"मी करून बघितलंय," विमलबाई म्हणाल्या. "तू माहेरी गेलतीस तवा. खोबरेल लावलं. तरी बसंनात."

"आत्याबाई... तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी जन्म दिलाय त्येला. तीळ कुठल्या गालावर हाय ते मला कळंना व्हय?" त्या येऊन समोरच्या खुर्चीवर टेकल्या. मूर्तीकडं त्यांनी अगदी शांतपणे बघितलं, शेजारच्या घरातल्या पोराकडं बघावं तसं. "पैल्याच दिवशी दिसलं. मनलं, बरं झालं."

"बरं झालं?"

"हा आपला न्हाई, हे मला बगितल्याबरुबर कळतं. मनून तर याच्यासमूर बसता येतं. हुबेहूब असता, तर म्या काय केलं असतं पोरी? रोज मेले असते."

"मग मामांना का नाही सांगितलं?"

"सांगून? ते जेवायलेत." विमलबाईंनी खाली वाकून कंगवा उचलला, त्यातला एक तुटलेला केस काढून पदराला पुसला. "तू बी सांगू नगंस."

रोहिणी म्हणाली, "नाही सांगणार." त्यानंतर दोघी तिथंच बसून राहिल्या. उठून जावं असं कुणालाच वाटेना.

कदाचित ते असंच चालत राहिलं असतं. पण जूनमध्ये अंगणवाडीच्या बाईंनी रोहिणीला दारात थांबवलं. संस्कृती पाच वर्षांची व्हायला आली होती. सुरुवातीला ती मूर्तीला घाबरली होती. मग सवय झाली. मग ती तिच्यासमोर बिस्किटं ठेवू लागली. रोहिणी ती गुपचूप उचलायची. तिनं मुलीला कितीदा समजावलं होतं, की हे पप्पा नाहीत, पप्पांचं चित्र आहे. पण आजोबा रोज ज्याच्याशी बोलतात ते चित्र कसं, हे पोरीला पटेना.

"रागावू नका," अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, "पण काल सगळी लेकरं आपापल्या घरचं सांगत होती. तर संस्कृती मनली, माझे पप्पा घरीच बसून असतेत. पण माझ्यासंगं बोलत न्हाईत. म्या काय केलं काय की, माझ्यावर रुसलेत."

रोहिणी पोरीचा हात धरून घरी आली. वाटेत संस्कृती म्हणाली, "मम्मी, हात दुखतोय, लई आवळायलीस," तेव्हा तिला कळलं की आपण हात किती घट्ट धरलाय.

अर्जुनराव पडवीत बसून पानाला चुना लावत होते. रोहिणीनं पोरीला आत पाठवलं आणि ती त्यांच्यासमोर उभी राहिली. वाटेत शब्द जुळवले होते.

"मामा, संस्कृतीला परळीच्या शाळेत घालावं म्हणते. तिथं चांगली शाळा आहे. आठवडाभर आम्ही माहेरी राहू, शनिवारी इकडं येऊ. मी दुकानातही बसेन बाबांच्या."

त्यांनी चुन्याची डबी बंद केली. ती त्यांच्या आरडाओरड्याला तयार होती. निदान "कावून?" तरी विचारतील.

"जा," ते म्हणाले. "कवा बी जा. घर तुजंच हाय. जाणं तुजं, येणं तुजं."

ती वळली, तेव्हा ते पाठीमागून म्हणाले, "त्येच्यामुळं ना?"

ती थांबली.

"बस जरा," अर्जुनराव म्हणाले. ती पायरीवर बसली. ते तिच्याकडं न बघता समोरच्या रस्त्याकडं बघत बोलू लागले. "तुला काय वाटतं, मला कळत न्हाई? रबराचं हाय ते. पैले चार दिवस कळलं न्हाई, मनजे कळूच दिलं न्हाई मी मला. पाचव्या दिवशी पाटं उठलो, हॉलात गेलो आन तोंडातून आलं, 'अंगद, ऊठ की बे, किती येळ बसतूस.' आन तो तसाच. तवा कळलं, काय करून बसलो ते."

"मग मामा..."

"मंग काय? पेपर वाचतो. लोक येतेत, त्येंच्यासमूर बसतो. तुजी सासू भाकरी करती, खातो. न खाऊन कसं चालंल, तिला वाटतंय ह्या पुतळ्यापायी मी जगलो." ते थोडं हसले आणि ते हसू बघवेना. "तू डोळे चांगले झालेत मनलीस. तवाच कळलं मला, बाकीचं काय झालेलं न्हाई."

"मग तो... हलवायचा का, मामा? मळ्यातल्या खोलीत ठेवू. नाहीतर वरच्या माळ्यावर. मी शिवशंकरभावजींना बोलावते. कुणाला काही सांगायची गरज नाही."

रस्त्यानं एक टेम्पो गेला, त्याच्या मागं धूळ उठली आणि बसली.

"त्येला उचलायला चार मानसं लागतेत," अर्जुनराव म्हणाले. "दोन खांद्याला, दोन पायाला. खोक्यातून काढून तसाच बसवलाता त्या कारागिरांनी. मला सांग, ह्या दारातून त्येला तसा भाईर न्यायचा? आन मी इथं बसून बगू?" त्यांनी डोळे मिटले. "एकदा नेलाय पोरी. दुसऱ्यांदा मला जमायचं न्हाई. मी हाय तवर राहू दे. माझ्यामागं काय करायचं ते करा."

तिनं हात पुढं केला, पण सासऱ्यांच्या हाताला हात कसा लावायचा ते न कळून तो तसाच पायरीवर ठेवला. विमलबाईंना वाटत होतं, मूर्ती नवऱ्यासाठी आहे. अर्जुनरावांना वाटत होतं, बायकोसाठी. रोहिणीला वाटत होतं, दोघांसाठी. आणि तो तिथं तसाच बसला होता, कुणालाच नको असलेला, आणि कुणालाच हलवता न येणारा. ज्या घरात एक फुलदाणी कुठं ठेवायची ते तिच्या शब्दावर ठरायचं, त्या घरात ही एक वस्तू उचलून दुसरीकडं ठेवायचा उपाय तिच्याकडं नव्हता.

एवढं मात्र झालं. दुसऱ्या दिवशी कुणी कुणाला काही न सांगता टीव्ही मधल्या खोलीत गेला. खुर्च्या पडवीत आल्या. अर्जुनराव पेपर पडवीत वाचू लागले, मनातल्या मनात. हॉलच्या दाराला कडी लागली. विमलबाईंनी कारण विचारलं नाही. संस्कृतीला रोहिणीनं जवळ घेऊन सांगितलं, की पप्पा तुझ्यावर रुसलेले नाहीत, कधीच रुसले नव्हते. तिनं ऐकून घेतलं. पटलं की नाही, ते सांगता येत नाही.

पोरगी परळीच्या शाळेत जाऊ लागली. रोहिणी दुकानात गिऱ्हाइकांना कापडं दाखवते. कुणी विचारलं, "हे बरं दिसेल का हो आमच्याकडं?" तर ती पूर्वीसारखं ताडकन सांगत नाही. आधी विचारते, घरात कोण कोण असतं.

परवाच्या शनिवारी मायलेकी सिरसाळ्याला आल्या, तेव्हा वीज गेली होती. पडवीत विमलबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. अर्जुनराव नातीला मांडीवर घेऊन तिची शाळेतली कविता ऐकत होते. एवढ्यात फाटकाशी जीप थांबली. कुठलीशी चार माणसं उतरली, लांबून आलेली, फेटे बांधलेली. "रामराम. लई ऐकलंय तुमच्या पुतळ्याचं. दर्शन घ्यावं मनलं."

अर्जुनरावांनी नातीला खाली उतरवलं. गुडघ्यावर हात टेकून उठले, टोपी घातली आणि कडी काढायला निघाले. "या," ते म्हणाले, "या, बसा." चौघं त्यांच्या मागं आत गेले. आतून कुणीतरी "वा!" म्हणालं. विमलबाईंनी मान वर केली नाही. शेंगा सोलणं तेवढं थोडं जोरात होऊ लागलं. संस्कृती आत जाऊ लागली तशी रोहिणीनं तिला हाताला धरून आपल्याकडं ओढलं.

मग ती उठली. आलेल्या माणसांना चहा तरी करायला हवा होता.